जपानी शिस्तीचं वय

जपानला जायचं ठरलं की मराठी माणूस आधी तिकीट काढतो आणि मग घाबरतो. घाबरवायला व्हिडिओ तयारच असतात: जपानमध्ये या गोष्टी चुकूनही करू नका! भातात चॉपस्टिक उभी खोचू नका, रेल्वेत फोनवर बोलू नका, टिप देऊ नका, व्हिजिटिंग कार्ड एका हाताने घेऊ नका, चालता चालता खाऊ नका, सोया सॉसमध्ये वासाबी कालवू नका. सगळं एकाच दमात आणि एकाच सुरात. मृतांच्या विधीशी जोडलेली गोष्ट आणि सुशीच्या दुकानातली नखरेबाजी एकाच मापाने मोजलेली. मग विमानतळावर उतरलेला बिचारा पाहुणा परीक्षेला बसल्यासारखा वावरतो आणि हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या पोऱ्यालाही कमरेतून वाकून नमस्कार करतो.

टोकियोच्या निशिकासाई भागात राहून बरीच वर्षं झाल्यामुळे नातेवाइकांच्या आणि त्यांच्या ओळखीच्यांच्या दृष्टीने मी या विषयातली अधिकारी व्यक्ती आहे. साकुराचा, म्हणजे चेरीच्या बहराचा मोसम जवळ आला की प्रश्न सुरू होतात. वाकताना किती अंशात वाकायचं, हा त्यातला सगळ्यांचा लाडका. कोनमापक घेऊन कोणी उभं नसतं हो. पंधरा, तीस, पंचेचाळीस हे अंश दुकानात आणि कचेरीत नव्याने लागलेल्यांना प्रशिक्षणात घोटून घेतात, ती नोकरीतली कवायत आहे. पाहुण्याने मान जराशी झुकवली की झालं. चॉपस्टिक नीट धरता आल्या नाहीत तर काटा मागा. नूडल्स भुरकून खाल्ल्या तरी चालतं, न भुरकता खाल्ल्या तरी कोणी बघत नाही. टिप खरंच देऊ नका. सुटे पैसे विसरलात म्हणून वाढणारी पोरगी रस्त्यापर्यंत धावत येईल.

एवढं सांगून भागत नाही, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "त्यांच्या रक्तातच आहे गं ती शिस्त." या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. रक्तात असं काही नसतं. ही शिस्त शिकवलेली आहे आणि बऱ्याचदा ती कधी शिकवली त्याच्या तारखासुद्धा सापडतात.

थुंकण्याचंच घ्या. १९०४ साली जपानच्या गृहखात्याने क्षयरोग आटोक्यात आणायला हुकूम काढला आणि सार्वजनिक जागी थुंकदाण्या ठेवायला लावल्या. कुठे थुंकायचं हे सांगावं लागलं, याचा अर्थ लोक कुठेही थुंकत होते. आजच्या या चकचकीत स्टेशनांच्या फलाटांवर दुसऱ्या महायुद्धानंतरही कित्येक वर्षं थुंकदाण्या होत्या. भिंतीच्या आडोशाला उभं राहणाऱ्यांसाठी वेगळा उपाय होता. भिंतीवर तांबड्या रंगात छोटी तोरी काढायची, म्हणजे जपानच्या मूळ शिंतो धर्माच्या देवळापुढे असते ती कमान. देवाच्या दारात कोण करील तसलं काम? जुन्या गल्ल्यांमध्ये या तोरी आजही दिसतात. दादरच्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात साईबाबा, गणपती, येशू आणि मक्केच्या फरशा ओळीने लावलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही युक्ती कुठल्या गाइडने समजावून सांगायला नको.

मग आलं १९६४ चं ऑलिम्पिक. जग घरी येणार म्हटल्यावर टोकियोची धांदल उडाली. रस्त्यांच्या कडेला कचऱ्याच्या उघड्या पेट्या असत, त्या जाऊन झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आले. ठरल्या वेळी डबा बाहेर ठेवायचा आणि गाडी येऊन गेली की आत घ्यायचा. रस्ते झाडण्याच्या मोहिमा निघाल्या, उघड्यावर लघवी करू नका म्हणून फलक लागले. आपण ज्याला जपानी स्वच्छता म्हणतो तिचा बराचसा भाग माझ्या सासऱ्यांपेक्षा वयाने लहान आहे.

रेल्वेतली शांतता तर त्याहूनही तरुण. टोकियोच्या भुयारी रेल्वेने प्रवाशांना वागणूक शिकवणारी चित्रं फलाटांवर लावायला १९७४ मध्ये सुरुवात केली. त्यातलं १९७६ चं एक मला फार आवडतं. चॅप्लिनचा हुकूमशहा, आणि मजकूर जागा अडवून बसणाऱ्यांबद्दलचा. पाय फाकवून दोघांची जागा खाणारी मंडळी गाडीत नसती, तर चॅप्लिनला कोण बोलावतं? २००८ पासून योरिफुजी बुनपेइ या चित्रकाराची मालिका लागली. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी चित्रं आणि वर एकच वाक्य, "हे घरी करा." गाडीत मेकअप करणारी बाई, दारू पिऊन आडवा झालेला बाबू, मोठमोठ्याने फोनवर बोलणारा. समोर बसलेला चष्मेवाला नुसता बघतोय, बोलत काही नाही. त्या गप्प चष्मेवाल्यात मला अख्खं जपान दिसतं.

वृद्धांसाठी राखीव जागा सुरू झाल्या त्या १५ सप्टेंबर १९७३ रोजी, ज्येष्ठांच्या सन्मानाच्या दिवशी, टोकियोच्या चुओ मार्गावर. नाव पडलं 'सिल्व्हर सीट'. पांढऱ्या केसांना दिलेलं हे गोड नाव असावं असं वाटतं, पण मूळ कारण साधं होतं. शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या आसनांचं रुपेरी कापड उरलेलं होतं, तेच वेगळेपणा दाखवायला या जागांवर चढवलं.

सरकत्या जिन्याची कथा तर मजेशीर आहे. टोकियोत लोक डावीकडे उभे राहतात आणि उजवी बाजू घाईवाल्यांना मोकळी ठेवतात. ओसाकात नेमकं उलटं. प्रवासी हे भक्तिभावाने पाठ करून येतात. ओसाकात १९६७ मध्ये हानक्यू रेल्वेच्या उमेदा स्टेशनात डावी बाजू मोकळी ठेवा असं लाउडस्पीकरवरून सांगायला सुरुवात झाली, तिथून हे रुजलं. आणि आता? चालणाऱ्यांचे धक्के लागून माणसं पडतात, एका बाजूला अधू असलेल्याला नेमक्या त्याच बाजूला धरून उभं राहावं लागतं, म्हणून साइतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोया शहराने ऑक्टोबर २०२३ पासून नियमच केला, जिन्यावर चालू नका, दोन्ही बाजूंना उभे राहा. दंड नाही. साइतामात मात्र अजूनही उजवीकडून दडदड करत जाणारे दिसतात. वर्षानुवर्षं घोटवलेलं एका फलकाने थोडंच पुसलं जाणार!

नवं असूनही जुनं म्हणून मिरवणाऱ्या शिष्टाचारांचीही कमतरता नाही. शिंतो देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं, हा क्रम सनातन वाटतो, पण तो एकसारखा झाला मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) सरकारी आखणीनंतर. इझुमोच्या मोठ्या देवस्थानात आजही चार टाळ्या वाजवतात. 'एदो शिगुसा' नावाचं प्रकरण याहून भारी. एदो म्हणजे जुनं टोकियो. मेइजीच्या आधीच्या एदो काळातले व्यापारी पावसात समोरच्याला पाणी लागू नये म्हणून छत्री बाहेरच्या बाजूला कलती धरत, वगैरे सुंदर चालीरीतींचा हा संच. जाहिराती झाल्या, रेल्वेच्या फलकांवर आला, शिक्षण मंत्रालयाच्या नीतिशिक्षणाच्या पुस्तकातही शिरला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की एदो काळातल्या कागदपत्रांत याचा मागमूस नाही, हे सगळं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेलं आहे. पुरावा का नाही, याचं पुरस्कर्त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे मेइजी सरकारने एदोच्या लोकांची कत्तल करून परंपरा पुसली! पूर्वजांच्या थोरवीसाठी लोक काय काय रचतात, हे आपल्याला परकं नाही.

मग ही शिस्त खोटी का? मुळीच नाही. शिकलेली गोष्ट खोटी नसते. माझ्या मुलीच्या शाळेत सत्राच्या सुरुवातीला दप्तराबरोबर शिवलेली फडकी द्यावी लागतात. मुलं रोज ठरलेल्या वेळी वर्ग झाडतात, ओल्या फडक्यांनी फरशी पुसतात. पार्श्वभाग वर करून ओळीने फडकं ढकलत पळतात, शर्यत असल्यासारखी. विश्वचषकात सामना हरल्यावरही प्रेक्षागारातला कचरा उचलणाऱ्या जपान्यांचं जग कौतुक करतं. ते कौतुक खरं तर या फडक्यांचं आहे.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते. टूरबरोबर ती येणार होती आणि कार्यक्रमपत्रिकेत 'ओन्सेन अनुभव' असं लिहिलेलं. फोनवर आवाज खाली आणून तिने विचारलं, "तिथे म्हणे काहीच घालत नाहीत?" नाही घालत. गरम झऱ्याच्या सामाईक कुंडात पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. बाहेर बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, अंगावरचा सगळा फेस धुवायचा, केस वर बांधायचे आणि मगच कुंडात उतरायचं. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. हा नियम मात्र कडक आहे आणि त्याचं कारण कुणालाही पटेल. कुंड धुण्यासाठी नसतं, शेकण्यासाठी असतं, आणि तेच पाणी पुढे अनेक जण वापरणार असतात. गुडघे दुखतात म्हणून मी येत नाही असं सांगू का, असं आत्याने विचारलं. गुडघे दुखतात म्हणूनच लोक तिथे जातात, तेव्हा हे कारण चालणार नव्हतं.

या कुंडाभोवती मला जपानी शिष्टाचाराचा सगळ्यात गुंतागुंतीचा इतिहास दिसतो. एके काळी अनेक स्नानगृहांत बायका-पुरुष एकत्रच अंघोळ करत. १८५४ मध्ये अमेरिकन आरमार शिमोदाला आलं, तेव्हा त्याचा सेनानी पेरी याच्या माणसांनी तिथल्या हमामखान्याचं चित्र काढलं आणि वर नाकही मुरडलं. जपानचे नवे राज्यकर्ते ही नजर विसरले नाहीत. पाश्चात्त्यांपुढे आपण रानटी दिसू नये, ही त्यांची मोठी काळजी. १८७२ साली टोकियोत किरकोळ गुन्ह्यांचा जो कायदा आला त्यात उघड्या अंगाने रस्त्यावर फिरणं, मिश्र स्नान आणि गोंदणं या सगळ्याला बंदी आली. म्हणजे परदेशी पाहुण्यांना काय वाटेल म्हणून जपान्यांनी आपली वागणूक बदलली. गोंदण्यावरची बंदी उठली ती थेट १९४८ मध्ये. तोवर गोंदणं म्हणजे गुन्हेगार हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं. पुढे याकुझा या गुंडांच्या टोळ्यांच्या पाठभर गोंदणांनी ते आणखी पक्कं केलं आणि स्नानगृहांच्या दारात 'गोंदलेल्यांना प्रवेश नाही' अशा पाट्या लागल्या.

त्या पाटीपाशी २०१३ मध्ये उत्तरेच्या होक्काइदो बेटावर न्यूझीलंडची एक माओरी बाई अडवली गेली. तिच्या चेहऱ्यावर तिच्या कुळाचं पारंपरिक गोंदण होतं. ती आली होती ऐनू भाषेसंबंधीच्या कार्यक्रमाला. ऐनू म्हणजे होक्काइदोचे मूळ रहिवासी. त्यांच्या बायका ओठांभोवती गोंदत आणि मेइजी सरकारने १८७१ मध्ये त्यावरही बंदी घातली होती. पाहुणीला दारातून परत पाठवणारा नियम आणि ज्यांची भाषा वाचवायला ती आली होती त्यांची ओळख पुसणारा नियम, दोन्ही एकाच काळाच्या वारशातून आलेले. २०१५ मध्ये पर्यटन खात्याने हॉटेलं आणि विश्रामगृहांची पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ५६ टक्के ठिकाणी गोंदण चालत नव्हतं. हळूहळू सैल होतंय. लहान गोंदण असेल तर वर लावायला चिकटपट्ट्या मिळतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातावरची तुळस आणि नाव यांचं काय होईल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. कुंडातल्या आजीबाई बहुतेक कौतुकाने विचारतील, हे काय म्हणून. काउंटरवरचा मुलगा मात्र व्यवस्थापकाला फोन लावेल.

याउलट ज्यात कसलाही वाद नाही, अशी एक गोष्ट आहे. चॉपस्टिकच्या शेकडो नियमांतले दोनच मनावर घ्यावेत. एक, भातात त्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृताच्या उशाशी ठेवलेल्या वाडगाभर भातात त्या तशा खोचतात. दुसरा, एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दहनानंतर नातेवाईक जोडीजोडीने अस्थी तशा उचलून कलशात ठेवतात, पायाकडून सुरुवात करून डोक्यापर्यंत, म्हणजे माणूस कलशातही उभाच राहतो. ज्याने स्वतःच्या हाताने अस्थी गोळा केल्या आहेत, तो जेवणाच्या टेबलावर असं करणार नाही. बाकी चॉपस्टिकने वाडगा ओढणं, टोकं चाटणं, कुठला घास घ्यावा म्हणून ताटावर घिरट्या घालणं हे सगळं आजी नातवाला रागावते त्या जातीचं.

कचरापेट्या कुठेच कशा नाहीत, हा पाहुण्यांचा दुसऱ्या दिवसाचा प्रश्न. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर स्टेशनांवरच्या आणि सार्वजनिक जागांवरच्या पेट्या झपाट्याने हलवल्या गेल्या. कचरा घरी नेण्याची सवय शाळेपासूनची, ती या घटनेने आणखी घट्ट झाली. म्हणून पर्समध्ये एक पिशवी ठेवावी. चालता चालता खाण्यावरचं बंधनही यातूनच येतं. त्यात पाप नाही, पण हातातली काडी आणि कागद टाकणार कुठे? कामाकुराने २०१९ मध्ये गर्दीच्या गल्लीत चालता चालता खाणं टाळा असा नियम केला, दंडाविना. क्योतोच्या निशिकी बाजारात दुकानासमोर उभं राहून खायचं, मग पुढे जायचं.

पाहुण्याला खरी अडचण नियमांची नसते. चुकलं तर कोणी सांगत नाही, ही खरी अडचण. आमच्या इमारतीत एका घरी रात्री उशिरापर्यंत पाट्यावर वाटण चालल्यासारखा आवाज येई. कोणी दार ठोठावलं नाही. काही दिवसांनी सगळ्यांच्या टपालपेटीत एक कागद आला. मजकूर असा, की अलीकडे रात्रीच्या आवाजाबद्दल सूचना येत आहेत, सर्व रहिवाशांनी काळजी घ्यावी ही विनंती. सर्व रहिवाशांनी! ज्याच्यासाठी होता त्याने आपला नसेल समजून टाकून दिला आणि ज्यांचा संबंध नव्हता त्या सगळ्यांनी पायांखाली चटया घातल्या. नव्याने येणाऱ्या भारतीय कुटुंबांना मी हेच सांगते: तुम्हाला आलेला 'सर्वांसाठी' कागद हा तुमच्यासाठीच आहे असं समजा. कचऱ्याचंही तसंच. जाळायचा, न जाळायचा, बाटल्या, डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी गाडी उचलत नाही. वर एक चिकटपट्टी लावून ती तशीच राहते आणि जाणारे-येणारे बघतात. ओरडणारा वॉचमन परवडला, असं वाटतं अशा वेळी.

आमच्या निशिकासाईत भारतीय येऊ लागले ते मुख्यतः दोन हजार सालच्या आसपास, कॉम्प्युटरच्या कामांसाठी. त्यानंतर २०१९ मध्ये अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा विभागाच्या सभागृहात निवडून आले. आता कचऱ्याची पत्रकं इंग्रजीतही मिळतात. सांगण्याची गरज आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं, एवढं तरी झालं.

क्योतोतही आता हे न बोलण्याचं धोरण संपत आलेलं दिसतं. पाहुण्याला भातावर चहा ओतलेला 'बुबुझुके' हवा का असं विचारलं, की त्याने उठायची वेळ झाली असं समजावं, अशी क्योतोच्या आडवळणाची जुनी गोष्ट सांगतात. खुद्द क्योतोवाले म्हणतात की असं कोणी करत नाही. मात्र २००३ मध्ये जपानला आलेले परदेशी पाहुणे होते सुमारे ५२ लाख आणि २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांवर. एवढ्यांना सूचकपणे कसं सांगणार? क्योतोच्या गिओन भागात माइको, म्हणजे गेइशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलींचा पाठलाग करून, त्यांच्या किमोनोला हात लावून फोटो काढणारे वाढले, तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खाजगी गल्ल्यांत फोटो काढल्यास दहा हजार येन घेऊ अशा पाट्या लावल्या. २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. टोकियोच्या चियोदा विभागाने २००२ मध्ये रस्त्यावर सिगारेट ओढण्यावर दोन हजार येन दंड लावला, तेव्हा घोषवाक्य होतं, शिष्टाचाराकडून नियमाकडे. पुढे त्यात भर पडली, आणि पुन्हा शिष्टाचाराकडे. ही भर मला फारच आशावादी वाटायची.

फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको गावात एका कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मागे पर्वत नेमका डोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो. त्या फोटोसाठी लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहू लागले, समोरच्या दवाखान्याच्या आवारात घुसू लागले. फलक लावून झाले, पहारेकरी ठेवून झाले. शेवटी मे २०२४ मध्ये गावाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदा ताणला, फुजी दिसूच नये म्हणून. थोड्याच दिवसांत त्याला कॅमेऱ्याची भिंग मावतील एवढी भोकं पडली, गावाने ती बुजवली. ऑगस्टमध्ये वादळ येणार म्हणून पडदा उतरवला. वादळ गेल्यावर पाहिलं तर पूर्वीसारखा गोंधळ होत नव्हता, म्हणून तो पुन्हा लावलाच नाही.